बॉयलरचं प्रेशर उतरतंय: पाइप गळतोय की एक्सपान्शन व्हेसल गेलंय?

आमच्या इंग्लंडमधल्या लेस्टरच्या घरी कॉम्बी बॉयलर (रेडिएटर आणि नळाचं पाणी दोन्ही गरम करणारा) आहे, थंड असताना प्रेशरचा काटा १ ते १.५ बारच्या मधे हवा, पण गेल्या हिवाळ्यात दर दोन-तीन दिवसांनी शून्याकडे यायचा आणि मी आपली फिलिंग लूप (नळाचं पाणी हीटिंगच्या पाइपांत सोडणारी जोडणी) उघडून पाणी भरत बसायचे. असं सारखं भरू नका हो, ताज्या पाण्यातल्या ऑक्सिजनने रेडिएटर आतून गंजतात.

गळती असेल तर हीटिंग बंद असलं तरी काटा हळूहळू उतरतच राहतो. रेडिएटरच्या व्हॉल्व्हखाली टिश्यू पेपर फिरवा, ओला झाला तर सापडलं. फरशीखालचा पाइप असेल तर मात्र शोधणं खरंच कटकटीचं आहे.

एक्सपान्शन व्हेसल, म्हणजे फुगणाऱ्या पाण्याला जागा देणारी हवेची टाकी, गेलं असेल तर गोष्ट वेगळी. हीटिंग चालू केलं की काटा सरळ ३ बारकडे पळतो, कारण गरम होऊन फुगलेल्या पाण्याला जागा द्यायला आत हवाच उरलेली नसते, मग सेफ्टी व्हॉल्व्ह पाणी बाहेर सोडतो आणि सगळं गार झालं की काटा तळाला. बाहेरच्या भिंतीतून या व्हॉल्व्हचा जो तांब्याचा छोटा पाइप निघतो ना, त्याला रात्री प्लास्टिकची पिशवी सैलसर बांधा. आमच्या पिशवीत सकाळी कपभर पाणी होतं!

म्हणून माझं मत, आधी काटा गरम आणि गार दोन्ही वेळेला बघून लिहून ठेवा, फरशा नंतर उचला. बॉयलरचं झाकण मात्र गॅस सेफ (ब्रिटनमधली गॅस कारागिरांची अधिकृत यादी) नोंदणीवाल्यालाच उघडू द्या.