दोन रविवार आणि एक कोपर: दादरचं रिगिंग वर्कशॉप

माझ्या फिल्ममधल्या लेझीम खेळणाऱ्या थ्रीडी पोराची मूठ मिटताना बोटं एकमेकांवर चढायची. कोपर वाकवलं की हात तिरका होऊन थेट बरगडीत. स्किन वेट्स, म्हणजे कुठल्या हाडाने कातडी किती ओढायची ते, तीनदा रंगवून झाले, फरक शून्य. मी गोरेगावच्या एका स्टुडिओत अ‍ॅनिमेटर आहे. तिथे रिग, म्हणजे पात्र हलवायचा आतला सांगाडा, तयार हातात येतं, त्यामुळे स्वतःच्या शॉर्ट फिल्मसाठी सांगाडा घालायला बसले आणि फजिती झाली. शेवटी दादर पश्चिमेच्या एका क्लासमध्ये माया या थ्रीडी सॉफ्टवेअरचं दोन रविवारांचं वर्कशॉप केलं. फी ३,५०० रुपये. क्लासचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत.

पहिला अख्खा रविवार सरांनी जॉइंट ओरिएंटेशनवर, म्हणजे प्रत्येक सांध्याचे अक्ष कुठे बघतात त्यावर, घालवला. शेजारचा मुलगा जेवायच्या सुट्टीत कुरकुरला, "अजून हाडंच चाललीयेत!" माझे पैसे मात्र तिथेच वसूल झाले. सरांनी आधी क्लासच्या दाराची बिजागरी दाखवली. ती तिरकी बसली तर दार सागवानी असलं तरी फरशीला घासणारच. कोपर म्हणजे तीच बिजागरी. मग डिस्प्ले मेनूतून सांध्याचे हे अक्ष, म्हणजे लोकल रोटेशन अ‍ॅक्सिस दिसतील असं करायला लावलं. एक्स लाल, वाय हिरवा, झेड निळा. माझ्या पोराच्या बोटांत निळे बाण चार दिशांना, स्टेशनबाहेर पावसात उघडलेल्या छत्र्यांच्या काड्यांसारखे. एवढे दिवस मी वेट्सना शिव्या घालत होते!

एक्स पुढच्या जॉइंटकडे वळवायचं काम ओरिएंट जॉइंट कमांड गुपचूप करते. खरी गोम दुसऱ्या अ‍ॅक्सिसमध्ये. तो वर्ल्डच्या, म्हणजे अख्ख्या सीनच्या, कुठल्या दिशेकडे कलवायचा ते आपण सांगायचं असतं. मी काय केलं होतं, तर हात, पाय, कणा सगळ्यांना एकच सेटिंग. कणा आधीच वर जातो आणि दुसऱ्या अ‍ॅक्सिसलाही वरच बघायला सांगितलं, की पाठीच्या बाकाशी तो मध्येच उलटतो. अंगठ्याचं वळण बाकी बोटांपेक्षा वेगळं, म्हणून त्याचे अ‍ॅक्सिस हातानेच फिरवायचे, तेही फक्त एक्सभोवती, नाहीतर एक्स हाडावरून सरकतो. बोटाच्या टोकाच्या जॉइंटला पुढे मूल, म्हणजे पुढचा जॉइंटच नाही, मग त्याने बघायचं कुठे? त्याच्या जॉइंट ओरिएंटचे आकडे शून्य करायचे, की तो बापाच्या वळणावर जातो. हे शब्द सरांचेच. आणि हे सगळं स्किन बाइंड करायच्या, म्हणजे कातडी सांगाड्याला जोडायच्या, आधी. संध्याकाळी चारही बोटं एकदम निवडून झेडमध्ये फिरवली आणि मूठ मिटली. मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

दुसरा रविवार मात्र घाईत गेला. मिरर जॉइंट (एका हाताचा सांगाडा दुसऱ्या बाजूला उतरवणं), आयके (हाताचं टोक ओढलं की बाकी सांधे आपोआप वाकणं), बाइंडिंग, सगळं एका दिवसात कोंबलेलं. मिरर करताना बिहेवियर आणि ओरिएंटेशन असे दोन पर्याय असतात, त्यात "बिहेवियर ठेवा" एवढंच सांगून सर पुढे गेले. ते का, हे मला घरी कळलं. बिहेवियरवर दोन्ही हातांना सारखा आकडा दिला की ते आरशासारखे उघडतात-मिटतात, ओरिएंटेशनवर दोन्ही एकाच बाजूला झुकतात. लेझीम खेळणाऱ्या पोरासाठी हा फरक म्हणजे सगळंच. एका मुलीने ब्लेंडर या दुसऱ्या थ्रीडी सॉफ्टवेअरचं विचारलं, तर "इथे माया" म्हणून तिला गप्प बसवलं. ब्लेंडरमध्ये हाडाच्या लांबीवर एक्स नसून कायम वाय असतो, एवढं सांगायला कितीसा वेळ लागला असता?

बारा जणांत दहा मशीन, म्हणजे दोन जोड्यांनी माऊस वाटून घ्यायचा. नोट्स नाहीत, वही न्याच. मध्य रेल्वेवाल्यांनी मेगाब्लॉक बघून निघा. मी डोंबिवलीहून चाळीस मिनिटं उशिरा पोचले. सरांनी मात्र चहाच्या वेळेत बुडालेला भाग पुन्हा करून दाखवला, ते मी विसरणार नाही.

माया नुकतंच उघडलेल्यांनी इथे जाऊ नये, डोक्यावरून जाईल. ज्यांना चालवता येतं पण सांगाडा घालता येत नाही, त्यांनी निदान पहिल्या रविवारसाठी जावं. माझ्या लेझमीची साखळी अजून रिग व्हायची आहे. त्यासाठी परवा सरांना फोन केला, तर म्हणाले, "अ‍ॅक्सिस बघितलेस का?" बघितले नव्हते.