चिऱ्याच्या जुन्या घराला जपानी वळण : एक पावसाळा काढल्यानंतर

आमचं घर बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या अंगाला. चिऱ्याच्या भिंती, मंगळुरी कौलं, पुढे सोपा, मागे परसू. पाडून स्लॅब टाका, असंच बहुतेकांचं म्हणणं होतं. आम्ही सांगाडा तसाच ठेवून आतून जपानी धाटणीचं लाकूड-चुन्याचं काम करून घेतलं. राहायला उन्हाळ्यातच आलो, पण या भागात घराची परीक्षा जूननंतर होते, म्हणून पावसाळा सरल्यावर लिहितोय.

सगळ्यात जास्त सुख सोप्यानं दिलं. जुन्या जपानी घरात खोली आणि बाग यांच्यामध्ये लाकडी पट्टा असतो, एनगावा. त्यावर खोल वळचण. आपला सोपा तेच काम करतो. त्यामुळे काचा लावून तो बंद करायला मी ठाम नकार दिला. माळ्याच्या निघालेल्या सागवानी फळ्या रंधून जमिनीपासून वर बसवल्या. खालून वारा खेळतो, फळी कुजत नाही. झड आली तरी पाणी कडेच्या फळ्यांपाशीच थांबतं. आई आता दुपारभर तिथंच असते.

भिंतींवर केलेला खर्च पुरेपूर वसूल झाला. चिरा ओल ओढतो, आणि वर सिमेंटचा गिलावा नि ऑइल पेंट असला की ती आत कोंडते. आमच्याकडे पापुद्रे सुटायचे. ते सगळं खरवडून चुन्याचा गिलावा केला. चुन्यात हात बसलेला गवंडी शोधायला वेळ लागतो, सुकायला त्याहून जास्त, पण यंदा कपाटामागचा कुबट वास नाही. एवढ्यासाठीसुद्धा मी हे काम पुन्हा करीन.

ततामी घेतली नाही. गवताच्या त्या गाद्यांना जपानातही जून-जुलैच्या पावसात बुरशी धरते, मग आपल्याकडच्या धारेत त्यांचं काय होणार? उचलून उन्हात टाकता येतील अशा चटया बऱ्या.

शोजी, म्हणजे बारीक लाकडी जाळीचे सरकते पडदे, माजघराला लावले. मूळचा कागद इथं कसर खाईल म्हणून एका बाजूला दुधी अ‍ॅक्रिलिक, दुसरीकडे पातळ सुती कापड. अ‍ॅक्रिलिक टिकाऊ आहे, पण उजेड कापडातूनच खरा येतो. ढगाळ दुपारी खोलीभर एकसारखा मऊ प्रकाश पसरतो आणि जाळीची फिकी सावली फळ्यांवर पडते. श्रावणात कापडावर काळे ठिपके आले. काढून धुतलं, खळ लावून पुन्हा ताणलं, झालं. जास्त त्रास खाचेचा. भर पावसात लाकूड फुगून दोन दारं अडकली. सुतारानं रंधा मारून मेणबत्ती घासली, आता बोटानं सरकतात. नव्यानं करणाऱ्यांनी दार वरच्या पट्टीला लोंबतं घ्यावं.

बैठक जमिनीलगत नको. गुडघे दुखणाऱ्या माणसाचे हाल होतात. आमची सोळा इंच उंच आहे, कडेला पाय सोडून बसता येतं. दिवे सगळे २७०० केल्विनचे, पिवळसर. पांढऱ्या ट्यूबखाली चुन्याची भिंत मेल्यासारखी दिसते.

देखभाल मात्र आहेच. मे संपायच्या आत कौलं फेरायची, वाळवीसाठी खांबांचे तळ बघायचे आणि फळ्यांना जवसाच्या तेलाचा हात द्यायचा. तेल पातळ लावा, जादा पुसून काढा, नाहीतर पावसात चिकट राहतं.