नासाकडे स्वतःची चूक कळवली : एएसआरएसचा माझा अनुभव

मी अमेरिकेत एका एअरलाइनमध्ये मेकॅनिक आहे. एएसआरएस, म्हणजे विमानातल्या चुका आणि धोके आपणहून कळवायची नासाची सेवा, ती वापरून झाली म्हणून लिहितोय.

झालं असं, रात्रपाळीत हायड्रॉलिक पंप बसवत होतो, बोल्ट हाताने लावले आणि तेवढ्यात दुसऱ्या विमानाकडे बोलावलं, परत आलो तेव्हा टॉर्क देऊन (म्हणजे बोल्ट ठरलेल्या जोराने घट्ट करून) झालाय हे डोक्यात इतकं पक्कं बसलेलं की कार्डावर सही करून घरी गेलो. सकाळी पडल्या पडल्या आठवलं, टॉर्क रेंच तर पेटीतून काढलाच नव्हता! पोटात गोळाच आला. लगेच फोन केला, विमान गेटलाच होतं, दोन बोल्ट सैल निघाले.

त्याच दिवशी नासाचा फॉर्म भरला. मेकॅनिकचा फॉर्म वेगळा असतो, पायलट, कंट्रोलर, केबिन क्रू यांचे वेगळे. काही दिवसांनी फॉर्मची वरची पट्टी पोस्टाने परत आली, माझं नाव, फोन आणि तारखेचा शिक्का असलेली. म्हणजे आता रिपोर्ट त्यांच्याकडे, नाव फक्त माझ्याकडे. ती पट्टी हातात आली तेव्हा खरा विश्वास बसला.

ही सेवा सुरू कशी झाली तेही सांगतो. 1 डिसेंबर 1974 ला टीडब्ल्यूए एअरलाइनचं विमान वॉशिंग्टनजवळ डलेस विमानतळावर उतरताना डोंगरावर आदळलं, 92 जण गेले. साधारण सहा आठवडे आधी युनायटेड एअरलाइनचं विमान तिथेच अगदी थोडक्यात वाचलं होतं, त्यांच्या पायलटांना सावध केलं गेलं पण बाकी एअरलाइन्सपर्यंत ते पोचलंच नाही. मग एफएएने, म्हणजे विमान वाहतुकीचे नियम बघणाऱ्या अमेरिकेतल्या सरकारी खात्याने, स्वतः रिपोर्ट मागवून बघितले, पण जो दंड करतो त्यालाच आपली चूक कोण जाऊन सांगणार? म्हणून 1976 पासून हे काम नासाकडे.

रिपोर्ट पाठवला की दंडापासून संरक्षण मिळतं, पण अटी नीट वाचा. दहा दिवसांच्या आत पाठवायचं, चूक मुद्दाम केलेली नको, गुन्हा किंवा अपघात असेल तर संरक्षण नाही, आणि मागच्या पाच वर्षांत नियम मोडल्याचं सिद्ध झालेलं नसावं. दंड माफ होतो, पण नियम मोडल्याची नोंद राहू शकते, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

खटकलं एवढंच की माझ्या रिपोर्टचं पुढे काय झालं ते कळलं नाही. त्यासाठी कंपनीतलं एएसएपी, म्हणजे चुका आपणहून कळवायची कंपनीतली सोय, जास्त उपयोगी वाटलं, तिथे कंपनी, युनियन आणि एफएए असे तिघं बसून रिपोर्ट बघतात. मी दोन्हीकडे पाठवलं, तुम्हीही दोन्हीकडे पाठवा. आमच्याकडे त्यातून नियमच झाला, अर्धवट कामावरून उठायचं तर आधी लाल टॅग लावायचा, त्यावर काय राहिलंय ते लिहायचं, मग बोलावणारा कितीही घाईत असू दे. परवा एका नवीन पोराला कोणी न सांगता तो टॅग बांधताना बघितलं.