रोबोला फरशी वाचता येते, उंची मात्र सांगावी लागते

चाकावरचा एन्कोडर चाक किती फिरलं ते सांगतो. रोबो किती सरकला, हे त्याला कळत नाही. मेकॅनम चाकांचा (तिरप्या रोलरांमुळे आडवाही सरकणारा) रोबो आडवा पळवा, नाहीतर भिंतीला टेकवून चाकं जागच्या जागी फिरू द्या. एन्कोडरच्या हिशेबाने तो एव्हाना शेजारच्या खोलीत पोचलेला असतो. यावर उतारा म्हणून खाली बघून फरशीचा पोत टिपणारे सेन्सर लावतात. युक्ती ऑप्टिकल माउसचीच आहे: पाठोपाठ बारके फोटो काढायचे आणि एका फोटोतला ठिपका पुढच्या फोटोत किती सरकला ते मोजायचं.

हौशी मंडळींच्या हाती पडणारे तीन मुख्य पर्याय म्हणजे स्पार्कफनचा ओटॉस, पिमोरोनीचा पीएए५१००जेई बोर्ड आणि पीएमडब्ल्यू३९०१ चिपवरचे बोर्ड (बिटक्रेझचा फ्लो डेक, मॅटेकचा ३९०१-एल०एक्स वगैरे). तिन्हींतली चिप तैवानच्या पिक्सआर्टची. म्हणून ते एकमेकांना पर्याय आहेत असं वाटतं, आणि पहिली चूक तिथेच होते. ओटॉसला फरशीपासून १० ते २७ मिमी अंतर लागतं, पीएए५१०० ला १५ ते ३५ मिमी, तर पीएमडब्ल्यू३९०१ ला ८० मिमी किंवा त्याहून जास्त. ३५ ते ८० मिमीच्या मधल्या पट्ट्यात तिघांपैकी एकही धड चालत नाही. ६५ मिमीची पिवळी चाकं लावलेल्या स्वस्त रोव्हरची तळपट्टी साधारण याच पट्ट्यात येते. तिथे सेन्सर सरळ पट्टीला चिकटवून उपयोग नाही, स्पेसर लावून खाली उतरवावा लागतो. खरेदीआधी वर्निअर घेऊन चॅसीची उंची मोजा, बोर्ड त्यानंतर निवडा.

जमिनीवरच्या रोबोसाठी आमची पसंती ओटॉसला. २०२४ मध्ये आलेल्या या बोर्डवर पीएए५१६०ई१ ही ऑप्टिकल चिप, सहा अक्षांचं आयएमयू (वळण आणि वेगबदल मोजणारी चिप) आणि दोघांचा मेळ घालणारा प्रोसेसर आहे. आय-टू-सी या दोन तारांच्या जोडणीवर (पत्ता हेक्स १७) तो थेट एक्स, वाय आणि दिशा देतो. गणित तुमच्या कंट्रोलरवर करायची गरजच नाही. किंमत सुमारे ८० डॉलर, वर कुरिअर आणि कस्टम. म्हणजे शाळेच्या प्रोजेक्टसाठी महागच. पण तीन डेड व्हील (मोटर नसलेली, फक्त मोजणारी चाकं), तीन एन्कोडर आणि त्यांच्या स्प्रिंगांची जुळणी यांचा खर्च मांडला तर अंतर बरंच कमी होतं. कमाल वेग २.५ मीटर प्रति सेकंद. स्थान दोन्ही अक्षांवर उणे-अधिक १० मीटरपर्यंतच मावतं. एफटीसी या शालेय रोबो स्पर्धेच्या १२ फुटी मैदानाला हे भरपूर आहे, कॉलेजच्या लांब कॉरिडॉरला नाही.

हा बोर्ड मधोमध बसवायला जागा क्वचितच मिळते, आणि सर्वात जास्त गोंधळ इथेच होतो. सेन्सर स्वतःची हालचाल मोजतो, रोबोच्या केंद्राची नव्हे. समजा तो केंद्रापासून १० सेंमी पुढे आहे आणि रोबो जागच्या जागी एक गिरकी घेतो. केंद्र हललं नाही, पण सेन्सरने ६२.८ सेंमीचा गोल काढला. ऑफसेट (सेन्सर केंद्रापासून किती दूर आहे तो आकडा) दिला नसेल तर गिरकीभर रोबोचा एक्स-वाय त्या गोलावर फिरत राहतो, आणि अर्ध्या वळणावर थांबलात तर केंद्र २० सेंमी सरकल्याचं दिसतं. सेट-ऑफसेट देऊन हे सुटतं, पण एककाचा सापळा लक्षात ठेवा. आर्डुइनो लायब्ररी मुळात इंच आणि अंशांत बोलते. सेंटिमीटर समजून ५ लिहिलंत तर बोर्डच्या लेखी ते १२.७ सेंमी होतात. आधी एकक ठरवा, मग ऑफसेट द्या. बोर्ड वळवून बसवला असेल तर तो कोनही ऑफसेटमध्येच जातो.

त्यानंतर आयएमयूचं कॅलिब्रेशन. पूर्ण २५५ नमुन्यांना सुमारे ६१२ मिलिसेकंद लागतात आणि तेवढा वेळ रोबो सपाट जागी निश्चल हवा. त्या अर्ध्या सेकंदात कुणी केबल सरळ करायला हात लावला तर जायरोचा (आयएमयूतल्या वळण मोजणाऱ्या भागाचा) शून्य चुकतो आणि रोबो उभा असतानाही दिशा हळूहळू सरकत राहते. स्क्रीनवर ०.० वरून ०.३, ०.७, १.२ असा आकडा चढताना दिसला तर कोडमध्ये चूक शोधत बसू नका, रोबो सोडून पुन्हा कॅलिब्रेट करा. दिशेतली चूक महागात पडते: ३ मीटर सरळ जाताना १ अंश चुकला तर शेवटी ५ सेंमी बाजूला.

मग दोन गुणक, म्हणजे सेन्सरच्या आकड्याला ज्यांनी गुणून चूक सुधारायची ते आकडे. कोनाचा आधी काढा: रोबोची एक कड सरळ पट्टीला लावा, हाताने १० पूर्ण फेऱ्या द्या, पुन्हा पट्टीला लावा. बेरीज ३६०० ऐवजी ३५७३ आली तर गुणक ३६०० भागिले ३५७३, म्हणजे १.००८. अंतराचा गुणक काढायला दोन चिकटपट्ट्या २०० सेंमीवर लावा आणि रोबो सरळ ढकला. १९४.५ दिसलं तर गुणक १.०२८. एकदा करून भागत नाही, चार-पाच वेळा करून सरासरी घ्या. दोन्ही गुणक ०.८७२ ते १.१२७ एवढ्यातच बसतात. तुमचा आकडा याबाहेर जात असेल तर गुणकाचा दोष नाही. उंची चुकली आहे किंवा बोर्ड तिरका बसला आहे. वीज गेली की गुणक आणि ऑफसेट दोन्ही पुसले जातात, म्हणून ते प्रोग्रॅमच्या सुरुवातीलाच लिहायला हवेत. टेबलावर नीट चाललेला रोबो बॅटरी बदलल्यावर मैदानात भरकटतो, त्यामागे बहुधा हेच असतं.

ओटॉसबद्दल तक्रार एकच, पण खरी आहे: आत काय चाललंय ते फारसं दिसत नाही. फरशीचं चित्र मिळत नाही. स्टेटसमध्ये झुकाव आणि ऑप्टिकल ट्रॅकिंग यांचे इशारे आहेत, ते प्रत्येक वाचनासोबत नोंदवत जा. चाक उंचवट्यावर चढून रोबो उचलला गेला तर सेन्सरला फरशी दिसत नाही आणि तेवढं अंतर हिशेबातून गळतं. नंतर ते भरून काढायची सोय बोर्डकडे नाही. कॅमेऱ्याला एप्रिलटॅग (क्यूआर कोडसारखी छापील खूण) दिसला की त्यावरून सेट-पोझिशन करणं हा व्यवहारी उपाय आहे.

पीएए५१०० बद्दल थोडक्यात. हा एसपीआय या जोडणीवर चालतो, प्रकाशासाठी एलईडी बोर्डवरच आहेत, किंमत बरीच कमी. पण जायरो नाही. रोबो एक मीटर पुढे गेला, जागच्या जागी ९० अंश वळला, पुन्हा एक मीटर पुढे गेला, तर या सेन्सरच्या लेखी तो दोन मीटर सरळ गेला, कारण तो ‘पुढे’ म्हणजे रोबोचं पुढे समजतो. दिशा वेगळ्या आयएमयूकडून घेऊन प्रत्येक तुकडा फिरवून बेरजेत धरण्याचं काम तुमचं. शिकण्यासाठी हे उत्तम, स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात नको. पिमोरोनीच्या पायथन लायब्ररीत एक खोच आहे: गेट-मोशन हे फंक्शन हालचाल दिसेपर्यंत थांबून राहतं आणि ५ सेकंदांनी एरर फेकतं. म्हणजे रोबो निवांत उभा राहिला की प्रोग्रॅम कोसळतो. एरर पकडून शून्य हालचाल धरा आणि टाइमआउटही बराच कमी ठेवा, नाहीतर उभ्या रोबोत कंट्रोल लूप अडकून बसतो.

ड्रोनचा मामला वेगळा. तिथे पीएमडब्ल्यू३९०१ च लागतो, आणि तो एकटा घेणं म्हणजे पैसे वाया घालवणं. हा सेन्सर अंतर मोजत नाही, कोन मोजतो. खालची जमीन सेकंदाला किती रेडियन सरकली एवढंच तो सांगतो. वेग हवा असेल तर त्याला उंचीने गुणायचं. खरी उंची १.२ मीटर असताना अंतरमापकाने १ मीटर सांगितली तर वेग सुमारे १७ टक्के कमी निघतो आणि ड्रोन समजल्यापेक्षा जास्त वाहवतो. म्हणून फ्लो डेकच्या दुसऱ्या आवृत्तीवर व्हीएल५३एल१एक्स आणि मॅटेकच्या बोर्डवर व्हीएल५३एल०एक्स हे लेसर अंतरमापक शेजारीच बसवले आहेत. पहिला ४ मीटरपर्यंत, दुसरा २ मीटरपर्यंत. हे आकडे घरातले समजा. दोन्ही ९४० नॅनोमीटरच्या अवरक्त प्रकाशावर चालतात आणि उन्हातही तो भरपूर असतो. एल१एक्सच्या लाँग मोडची पोच प्रखर उजेडात ७३ सेंमीवर येते, शॉर्ट मोड तिथेच १३५ सेंमी देतो. गच्चीवर दुपारी उडवायचं असेल तर शॉर्ट मोड लावा.

ड्रोन नुसता कलला तरी फ्लो (खालचं चित्र सरकणं) दिसतो. सेकंदाला १० अंश झुकताना, १ मीटर उंचीवर, ते १७ सेंमी प्रति सेकंद वेगासारखं भासतं. जायरोच्या आधारे हा भाग वजा करतात, पण सेन्सर ९० अंशांनी वळवून बसला असेल आणि फ्लाइट कंट्रोलरला ते सांगितलं नसेल तर वजाबाकी भलत्याच अक्षावर होते. लक्षण ठरलेलं: ड्रोन आधी लहान, मग मोठमोठे गोल काढत सुटतो. आर्डुपायलट या फ्लाइट कंट्रोलरच्या सॉफ्टवेअरमध्ये याची तपासणी उडवण्याआधीच होते. प्रोपेलर काढा, ड्रोन हातात धरून उजवी-डावीकडे आणि पुढे-मागे १५ अंश झुलवा, लॉगमध्ये फ्लोची आणि बॉडीची (जायरोने मोजलेल्या झुकण्याची) रेघ एकावर एक ठेवा. दोन्ही सोबत चढल्या-उतरल्या पाहिजेत. एक वर जाताना दुसरी खाली जात असेल तर दिशा चुकली. आकार सारखा पण रेघांची उंची वेगळी असेल तर स्केलर (फ्लोचा गुणक) सुधारा.

मॅटेकच्या बोर्डसाठी सिरियल पोर्टचा प्रोटोकॉल ३२, बॉड ११५२००, फ्लोचा प्रकार ७, रेंजफाइंडरचा प्रकार ३२. इथवर सगळे येतात. विसरतात ते ईकेएफ३ चे (सेन्सरांचा मेळ घालून स्थान काढणाऱ्या भागाचे) स्रोत: आडव्या वेगाचा स्रोत ५ आणि आडव्या स्थानाचा ० करायचा असतो. स्रोत जीपीएसवरच राहिला तर घरात ड्रोन लॉइटर (जागेवर तरंगण्याचा मोड) घेतच नाही आणि दोष सेन्सरच्या माथी जातो. शिवाय ८० मिमीखाली सेन्सर आंधळा आहे, म्हणून टेकऑफ अल्टहोल्डमध्ये (फक्त उंची राखणाऱ्या मोडमध्ये) थोडा झटकन करा आणि अर्ध्या मीटरच्या वर लॉइटर लावा. जमिनीलगत रेंगाळलात तर ड्रोन स्वतःच्याच हवेने बाजूला ढकलला जातो आणि सेन्सरला पत्ता नसतो.

आता फरशी. पीएमडब्ल्यू३९०१ चा पाहण्याचा कोन ४२ अंश आणि चित्र ३५ बाय ३५ पिक्सेलचं. १ मीटर उंचीवरून तो सुमारे ७७ सेंमीचा चौकोन पाहतो, म्हणजे एक पिक्सेल जवळपास २.२ सेंमीचा. मोझॅकमधल्या बारीक खड्या, शहाबादीचा दाणेदार पोत हे सगळं एवढ्या उंचीवर पुसलं जातं. गुळगुळीत पांढऱ्या व्हिट्रिफाइड टाइलवर उरतात फक्त सांधे, आणि चौकटीत एकच सांधा असेल तर त्याला आडवी हालचाल कळते, त्याच्या लांबीच्या दिशेने झालेली कळत नाही. ड्रोन सांध्याच्या रेषेत तरंगत जातो, तो यामुळेच. टाइलला चकाकी असेल तर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब भर घालतं. ठिगळांची गोधडी अंथरा: हाताएवढे वेगवेगळ्या रंगांचे तुकडे, यापेक्षा चांगलं टेस्ट मॅट विकत मिळणं अवघड आहे. चारही कोपऱ्यांवर विटा ठेवा, कारण कापड हवेने फडफडलं की सेन्सरला वाटतं ड्रोनच हलला. उंच गवतावरही हेच होतं. किमान ६० लक्स उजेड हवा. तिरप्या उन्हात ड्रोनची सावली त्याच्यासोबतच सरकते, सेन्सरला ती स्थिर दिसते आणि वेग कमी भरतो.

खराब वाचन ओळखायची सोय पीएमडब्ल्यू३९०१ चिपमध्येच आहे. एसक्वाल (पोत किती नीट दिसतो त्याचा आकडा) हेक्स १९ च्या खाली आणि त्याच वेळी शटरचा वरचा बाइट हेक्स १एफ असेल तर ते वाचन टाकून द्या. दोन्ही अटी एकत्र हव्यात. नुसत्या एसक्वालवर गाळलंत तर बरंच कामाचं वाचनही जातं. चिप बोलतच नसेल तर आधी आयडी वाचा: रजिस्टर शून्यात हेक्स ४९ आणि ५एफ मध्ये त्याचा उलटा बी६ मिळाला पाहिजे. सगळं ०० किंवा एफएफ आलं तर वायर, सिलेक्ट पिन किंवा एसपीआय मोड तपासा. मोड ३ लागतो, घड्याळ २ मेगाहर्ट्झच्या आत. चिपच्या सिग्नल पिनांना ३.६ व्होल्टच्या वर चालत नाही, त्यामुळे आर्डुइनो उनोच्या ५ व्होल्टच्या रेषा थेट जोडण्याआधी बोर्डवर लेव्हल शिफ्टर आहे का ते बघा. बिनानावाच्या स्वस्त बोर्डवर भिंग नखाने हलकेच दाबून पाहा. ते डुगडुगत असेल तर फोकस जागेवर राहणार नाही आणि एसक्वाल प्रत्येक धक्क्याला वेगळा येईल, तेव्हा तो बोर्ड परत करा.