स्टायलस साफ करायचं जेल: अख्खा पावसाळा वापरून झाल्यावर

निकाल आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांना पुढे वाचायला नको. रेकॉर्ड प्लेयरची पिन, म्हणजेच स्टायलस, साफ करायचं हे जेल चांगलं आहे, घ्या. पण ते आहे म्हणून रोजचा ब्रश बंद करू नका, आणि मुंबईत राहत असाल तर जेल धुवायचा कंटाळा अजिबात चालणार नाही. ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण अशा छोट्या डब्या बऱ्याच जणांच्या मिळतात आणि आतला चिकट, पारदर्शक गोळा साधारण सारखाच असतो.

माझा सेटअप साधा आहे. बेल्ट ड्राइव्ह टर्नटेबल, त्याच्या आर्मच्या (दांड्याच्या) टोकाला ऑडिओ-टेक्निकाची एटी-व्हीएम९५ई कार्ट्रिज, म्हणजे पिन जिच्यात बसते तो भाग, पिनचं रेकॉर्डवरचं वजन २ ग्रॅमवर सेट केलेलं. रेकॉर्डी बहुतेक बाबांच्या, म्हणजे शास्त्रीय, नाट्यसंगीत, थोडी भावगीतं, आणि मधेमधे चोर बाजारातून उचललेलं काहीबाही. राहतो लालबागला, खाली एका बाजूला रीडेव्हलपमेंट आणि दुसऱ्या बाजूलाही रीडेव्हलपमेंट, त्यामुळे सिमेंटची धूळ बाराही महिने. त्यात हॉल आणि स्वयंपाकघर जवळजवळ एकच, सकाळी फोडणी, संध्याकाळी देवापुढे उदबत्ती, म्हणजे हवेत तेलकटपणा असतोच. हे सगळं सांगायचं कारण असं की बाहेरच्या देशातल्या व्हिडिओंमधे दाखवतात ती कोरडी धूळ, ब्रश फिरवला की उडून जाणारी. आपल्याकडची धूळ तशी नसते, ती दमट आणि तेलकट असते आणि पिनच्या टोकाला धरून बसते.

पिनवर घाण दोन प्रकारची असते हे नीट लक्षात घ्या, अर्धे वाद इथेच मिटतील. एक म्हणजे साध्या डोळ्यांना दिसणारा कापसासारखा पुंजका, तो ब्रशने निघतो. दुसरी म्हणजे हिऱ्याच्या टोकाभोवती बसलेलं काळपट कडं, ते भिंगाशिवाय दिसतच नाही. झवेरी बाजारात हिरे बघायचं दहापट भिंग मिळतं त्यातून अंदाज येतो, पण लॅमिंग्टन रोडला मिळणारा यूएसबी मायक्रोस्कोप लॅपटॉपला लावून बघितलं तर खरी हकीकत कळते. ज्या पिनला मी साफ म्हणत होतो तिच्यावर काय काय चिकटलं होतं ते बघून बायको म्हणाली, अहो हे तर आपल्या एक्झॉस्ट फॅनसारखं दिसतंय.

कानाला कसं कळतं? 'स' आणि 'श' फरफरायला लागतात, खास करून रेकॉर्डच्या आतल्या टोकाला, लेबलजवळ. आणि आपलं संगीत ऐकणाऱ्यांसाठी माझी खूण म्हणजे तंबोरा. किशोरीताईंची एलपी लावा, सुरुवातीला तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारांची ती झणकार, मोकळी वाजली पाहिजे, ती दबल्यासारखी, गोधडीतून आल्यासारखी वाटली की पिन बघायची. टाइमपास म्हणून हिशोब करा, वीस मिनिटांच्या एका बाजूत पिन खोबणीतून चारशे मीटरच्या वर चालते, पंधरा डब्यांच्या लोकलच्या लांबीपेक्षाही जास्त, आणि वाटेत जे पडलेलं असेल ते सगळं गोळा करत जाते.

आता जेल वापरायचं कसं, कारण नुकसान होतं ते इथेच. आधी अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज शून्यावर, नाहीतर पिनला नुसतं काही लागलं तरी स्पीकरमधून धाडकन आवाज येतो. मग टर्नटेबल बंद, म्हणजे नुसतं स्टॉप नाही, स्विच बंद. बऱ्याच मशीनमधे आर्म आत सरकवला की थाळी आपोआप फिरायला लागते, आणि थाळीवर डबी, डबीत रुतलेली पिन आणि थाळी फिरली तर कॅन्टिलिव्हरचं, म्हणजे पिनचा हिरा ज्या बारीक काडीच्या टोकाला असतो तिचं, काय होईल ते वेगळं सांगायला नको. स्विच बंद करून डबी थाळीवर पिनच्या बरोबर खाली ठेवायची आणि आर्म हाताने नाही, तो वरखाली करायच्या लिव्हरनेच खाली सोडायचा. पिन सरळ जेलवर टेकली पाहिजे. दोनतीन सेकंद थांबा, परत लिव्हरने वर. सावकाश, कारण जेल पिनला खाली धरून ठेवतं. जेलवर बारीक ठिपका उमटतो, तीच निघालेली घाण. मग डबी जराशी सरकवून कोऱ्या जागेवर परत. हे दोनचारदा केलं की ठिपका उमटायचा थांबतो. बोटाने दाबायचं नाही, आडवं घासायचं नाही. डबी उंच असेल आणि आर्म त्यावर तिरका टेकत असेल तर ती डबी तुमच्या मशीनसाठी नाही, सरळ सांगतो.

ब्रशचा नियम एकच, कार्ट्रिजच्या मागून पुढे, म्हणजे आर्मच्या मुळाकडून स्वतःकडे, रेकॉर्ड ज्या दिशेने पिनखालून जाते त्याच दिशेने. उलटं नाही, डावीउजवीकडे तर नाहीच. प्रत्येक बाजू वाजवून झाली की एक हलका हात. आणि फुंकर मारू नका हो, थुंकीचे बारीक कण जाऊन बसतात आणि वर परत धूळ चिकटते.

पावसाळ्यातला अनुभव थोडा वेगळा. जेलवर हवेतली धूळ बसून त्याचा चिकटपणा कमी होतो, ठिपकाच उमटत नाही, आणि आपल्याला वाटतं वा, पिन साफ आहे. तसं काही नसतं. नळाखाली साध्या पाण्याने धुतलं की परत पहिल्यासारखं. पण टॉवेलने पुसायचं नाही, धागे चिकटतात. तसंच सुकू द्यायचं, मी वरून पिठाची चाळणी पालथी घालतो. मे महिन्यात तासाभरात सुकतं, जुलैत रात्रभर ठेवावं लागतं आणि ओल्या जेलमधे पिन बुडवायची नाही. म्हणून पावसाळ्यात मी आठवड्यातून एकदाच जेल आणि बाकी ब्रश असं ठेवलं, दिवाळीपर्यंत तेवढं पुरलं.

लिक्विड क्लीनरबद्दल सारखं विचारतात. बाटलीच्या झाकणाला ब्रश असतो तो प्रकार. चांगल्या कंपन्याही विकतात, वाईट आहे असं म्हणत नाही, पण हिरा कॅन्टिलिव्हरला गोंदाने लावलेला असतो आणि जास्त ओलं केलं तर द्रव कॅन्टिलिव्हरवरून चढत आतल्या रबरापर्यंत जाऊ शकतो. घरातलं सॅनिटायझर किंवा केमिस्टकडचं स्पिरिट तर नकोच. आणि ज्यांच्याकडे जुन्या ७८च्या (मिनिटाला ७८ फेरे फिरणाऱ्या) तबकड्या आहेत त्यांनी तर अल्कोहोलची बाटली त्या खोलीतही आणू नये. त्या लाखेच्या असतात, लाख अल्कोहोलमधे विरघळते, म्हणजे पुसायला गेलात तर बालगंधर्वच पुसले जातील. मेलामाइन स्पंजचा तुकडाही लोक वापरतात, काम करतो, पण तो मुळात घासणारा पदार्थ आहे आणि त्याचा कण कॅन्टिलिव्हरला अडकून राहू शकतो, त्यामुळे मी लांब.

आमच्या मजल्यावरच्या काकांकडे चावीचा ग्रामोफोन आहे. हे सगळं बघून ते म्हणाले, "अरे, माझ्या पण सुया जरा या जेलमधे साफ करून दे की." म्हटलं काका, तुमची स्टीलची सुई साफ करायची नसते, एक बाजू वाजली की फेकायची. तबकडी झिजू नये म्हणून सुईने झिजायचं, असा तो सगळा मामला. ते हसले आणि म्हणाले, "मग मी गेली दहा वर्षं एकच वापरतोय त्याचं काय?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

एक अपेक्षा ठेवू नका. जेलने झिजलेली पिन नवी होत नाही. माझ्या कार्ट्रिजच्या इलिप्टिकल (लंबगोल) टोकाचं आयुष्य कंपनी स्वतः ३०० तास सांगते, रोज तासभर ऐकलं तर वर्षही भरत नाही. साफ केल्यावरही 'स' फाटतच असेल तर नवीन स्टायलस घ्या, या सिरीजमधे तो पुढून ओढून निघतो आणि तसाच बसतो, स्क्रू ड्रायव्हर लागत नाही. आणि रेकॉर्ड न पुसता लावणार असाल तर हे जेलबिल सगळं विसरा, घाण येते तिथूनच.

किंमत जास्त वाटते, एवढ्याशा डबीला जवळपास एका नव्या एलपीचे पैसे. पण महिनोन्महिने धुऊन धुऊन चालतं, तेव्हा त्याची तक्रार नाही. तक्रार आहे ती झाकणाची, माझ्या डबीचं पहिल्यापासून सैल आहे, कपाटात आडवी पडली की उघडते. आता रबरबँड लावून ठेवतो. चार स्टार, एक झाकणाचा कापला.