दूध संस्थेतलं व्याख्यान की गोठ्यातलं प्रात्यक्षिक?

कोल्हापूर भागातल्या पशुपालकांना सुरक्षितता शिकवायची तर आमचा कौल प्रात्यक्षिकाला. म्हशीजवळ मागून नाही, खांद्याच्या बाजूने आवाज देत जायचं. दाव्याचा वेढा हाताला घ्यायचा नाही. हिसका बसला की बोट जातं. चारा कापायच्या कडबाकुट्टीत उसाचं वाडं अडकलं तर नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग काढून चाक पूर्ण थांबू द्यायचं. हे करून बघितल्याशिवाय अंगवळणी पडत नाही. गर्दी मात्र नको, जनावर बुजतं.

ब्रुसेलोसिससाठी, म्हणजे जनावर गाभडवणाऱ्या आणि माणसालाही लागणाऱ्या आजारासाठी, व्याख्यान बरं, कारण जंतू दिसत नाहीत. गाभडलेल्या म्हशीची वार (गर्भाबरोबर पडणारं आवरण) उघड्या हाताने उचलू नये. हातमोजे घालून खोल पुरावी, चुना टाकावा. लस फक्त गाई-म्हशींच्या मादी वासरांना, ४ ते ८ महिन्यांच्या वयात. व्याख्यान दूध घालायच्या वेळेला जोडून ठेवा. धारा काढणाऱ्या बायका तेव्हाच संस्थेत भेटतात.