इम्प्लांटची दाढ : आठ महिने झाले, आणि एक कॅप फुकट गेली

2023 च्या दिवाळीत चिवड्यातल्या शेंगदाण्याने माझी डावीकडची खालची पहिली मोठी दाढ उभी चिरली. काढावीच लागली. तिच्या मागच्या दाढेचं रूट कॅनाल नुकतंच झालं होतं. तेव्हाचे डॉक्टर म्हणाले, हिच्यावर पक्की कॅप घालून टाकू, मोकळ्या जागेचं सवडीने बघू. ती सवड मिळायला मला सव्वा वर्ष लागलं.

तोवर मागची दाढ पुढे कलली, वरची खाली उतरू लागली आणि काढलेल्या जागचं हाड रोडावलं. इंदूरच्या राजवाड्याजवळच्या दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी स्कॅनवर दाखवलं : उंची ठीक, रुंदी कमी. म्हणजे थोडी हाडाची भरती आली. शुगरही आधी आटोक्यात आणायला लावली, ते वेगळंच रामायण.

मग त्यांनी ती कॅप पाहिली. "काका, ही बनली तेव्हा पुढे काहीच नव्हतं. लॅबने पुढचा फुगवटा अंदाजाने काढलाय. तिला टेकवून नवी दाढ नीट बसणार नाही, आत्ताच बदलू." मी अडून बसलो. चांगली कॅप कशाला फोडायची?

इम्प्लांट, म्हणजे मुळाच्या जागी हाडात रोवायची टायटॅनियमची खुंटी, बसला. हाडाने टायटॅनियम धरून ठेवायला चार महिने दिले, वर हिरडीला आकार देणारं बुटकं झाकण. मग कॅप. पहिल्याच रविवारी छप्पन दुकानवर पोहे खाल्ले आणि वरची सगळी सेव त्या दोन दाढांच्या मध्ये. दातांच्या फटीत फिरवायचा धागा (फ्लॉस) घातला की टक् असा आवाज येऊन अडकत आत जायला हवा. माझा सरळ आरपार. पंधरा दिवसांत हिरडी सुजली. शेवटी मागची कॅप कापली आणि नव्या दाढेला टेकेल अशी पुन्हा करून घेतली.

तुमचंही असंच असेल तर मागच्या दाढेवर तात्पुरती कॅप ठेवून द्या (उघडी मुळीच नको, रूट कॅनालची दाढ तडकते) आणि इम्प्लांट धरला की दोन्हींची मापं एकदम द्या.

आता चावायला पूर्ण भरवसा आहे. थंडीत सराफ्यातला कुरकुरीत गराडू (तळलेला कंद) डावीकडेच खाल्ला. पण या दाढेला जाणीव कमी. खऱ्या दाढेच्या मुळाभोवती असते ती गादी हिला नाही, थेट हाडात रुतलेली. तांदळातला खडा आला तर खऱ्या दाढेसारखी ती दचकत नाही. म्हणून बाईंनी चावा जरा हलका ठेवलाय : सहज दात मिटले तर चावा तपासायच्या निळ्या कागदाचा डाग उमटत नाही, करकचून मिटले तरच उमटतो.

सहा महिन्यांच्या तपासणीत पुढच्या बाजूला धागा किंचित सैल गेला. खरे दात हळूहळू पुढे सरकतात, इम्प्लांट जागचा हलत नाही. कॅप सिमेंटऐवजी स्क्रूवर घेतली ते बरं केलं. फट वाढलीच तर काढून लॅबमध्ये भरून आणता येईल. तूर्त रोज रात्री फटीत बारका ब्रश.